शाळा नाही, चाळिशी उलटली. घाटंजीत भांड्यांचं दुकान टाकू का? अमेरिकेतल्या दुकानदार मिसेस बींची गोष्ट ऐकली, ती खरी आहे का?

टाका ताई, उशीर झालेला नाही, आणि मिसेस बींची तुम्ही ऐकलेली गोष्टही खरी आहे. मिसेस बी म्हणजे रोझ ब्लमकिन. त्या एक दिवसही शाळेत गेल्या नव्हत्या. १९१७ मध्ये रशियातून अमेरिकेत आल्या तेव्हा इंग्रजीही येत नव्हतं, आणि तिथल्या ओमाहा शहरात ५०० डॉलरवर फर्निचरचं दुकान काढलं तेव्हा वय ४३ होतं. नामांकित गुंतवणूकदार वॉरेन बफे यांनी १९८३ साली त्या दुकानाचा मोठा हिस्सा घेतला. त्या वर्षी आपल्या कंपनीच्या भागधारकांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी या बाईंबद्दल भरभरून लिहिलंय, तेच मी वाचलं. स्वस्त विकायचं आणि खरं बोलायचं, एवढाच त्यांचा नेम. इतरांकडे ७.९५ डॉलर वाराने मिळणारा गालिचा त्या ३.९५ ला देत, म्हणून त्यांच्यावर खटला झाला. बाईंनी कोर्टात आपला हिशेब सरळ सांगितला आणि सुटल्या. न्यायाधीशांनीच नंतर त्यांच्याकडून १,४०० डॉलरचे गालिचे घेतले! पंचाण्णवाव्या वर्षी नातवांशी बिनसलं, तर समोरच दुसरं दुकान थाटलं.

फक्त एक ध्यानात घ्या. थोडक्या नफ्यावर त्यांना परवडलं ते खप दांडगा होता म्हणून. आपल्याकडे गिऱ्हाइकाच्या हाती पैसा कापूस-सोयाबीन विकल्यावरच येतो, मधले महिने उधारीचे. त्यामुळे एकदम माल भरू नका. आधी रोजची भांडी, म्हणजे गंज, गुंड, कोपर, एवढंच ठेवा. आंदणाची भांडी लग्नसराईच्या तोंडावर आणा आणि ती रोखीनेच द्या.