सीएचबीवर असताना इतिहास परिषदेचं आजीव सभासदत्व घ्यावं का?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. कराडला एका कॉलेजात तुम्ही सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, शिकवता, इतिहासात पीएचडी चालू आहे, आणि मार्गदर्शक म्हणतात की परिषदेचं आजीव सभासदत्व घेऊन टाक. तासिकांचे पैसे महिनोन्‌महिने हातात पडत नाहीत, त्यातून ही वर्गणी कशासाठी? परिषदा म्हणजे प्रमाणपत्रं वाटायचे मेळावेच ना? आणि अशा संस्थांनी विद्येसाठी कधी काही केलंय का?

मी साताऱ्यात एकतीस वर्षं इतिहास शिकवला, आता निवृत्त आहे. माझं उत्तर, घ्या. पण लगेच नको. आधी एका अधिवेशनाला नुसतं ऐकायला जाऊन या.

1991 च्या डिसेंबरात मी सांगलीला पहिला निबंध वाचायला गेले होते. पहाटेच्या एसटीने कराड, पेठ नाका, इस्लामपूर करत. निबंध जावळीतल्या एका गावच्या मोडी कागदांवर होता. मुख्य कागद दोन. एक पाटीलकीच्या तंट्याचा महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, मार्गशीर्षातला. दुसरं सरकारातून त्या गावाला सारा माफ केल्याचं पत्र, फाल्गुनातलं. दोन्हींवर साल एकच, ‘सबा सितैन मया व अलफ’. अरबी शब्दांत सात, साठ, शंभर आणि हजार, म्हणजे मराठेशाहीच्या कागदांवर असतो तो शुहूर सन, 1167. त्यात 599 मिळवले की इसवी सन 1766 येतं, एवढं मला पाठ होतं. मी दोन्ही कागदांना 1766 घातलं. मग साहजिकच फाल्गुन आधी आला, मार्गशीर्ष नंतर, आणि माझी सगळी मांडणी त्यावर उभी राहिली. सरकारने आधी माफी दिली, ती कुणाच्या वाट्याला किती यावरून भाऊबंदांत तंटा लागला, असं मी ठासून लिहिलं होतं.

ऐकायला नऊजण होते. वाचून झाल्यावर मागच्या बाकावरून एक वयस्क सर उठले. विट्याकडच्या कॉलेजात होते, आमची ओळख नव्हती. म्हणाले, “मॅडम, शुहूर सन मृगाला बदलतो. मार्गशीर्षाला 599 बरोबर आहेत, पण फाल्गुनाला 600 मिळवायला लागतात. तुमचं माफीचं पत्र 1767 च्या मार्चमधलं आहे. तंटा आधी झालाय.”

दोन ओळींत निबंध उलटा झाला. तंटा आधी, माफी नंतर. म्हणजे तंट्यात गाव पार बसलं होतं, शेतं पडीक पडली होती, म्हणून सरकारला सूट द्यावी लागली असणार. कागद तेच, पण कारण होतं ते परिणाम झालं आणि परिणाम होता तो कारण. मला तेव्हा रडू यायचं बाकी होतं. पण ते सर सत्र संपल्यावर थांबले. व्हरांड्यात चहा घेत त्यांनी तासभर बसून मला शुहूर, फसली, राज्याभिषेक शक यांचा मेळ कसा घालायचा ते माझ्याच वहीत लिहून दिलं. पुढे सात-आठ वर्षं आमचा पत्रव्यवहार होता. अडलं की मी आंतरदेशीय पाठवायची, आठवड्यात उत्तर यायचं.

आता बघा, तो निबंध त्याआधी माझ्या मार्गदर्शकांनी वाचला होता. आमच्या विभागात आम्ही दोघीच, दुसऱ्या मॅडमचा विषय आधुनिक युरोप. चूक तशीच प्रबंधात गेली असती. आणि त्या सरांना माझी चूक दाखवून काही मिळायचं नव्हतं. ते माझे परीक्षक नव्हते, वरिष्ठ नव्हते. त्यांनी आणि मी सारखीच वर्गणी भरलेली होती, एवढंच आमचं नातं.

विद्वानांच्या संस्था निघाल्या त्या नेमक्या यासाठी. कॉलेज पगार देतं, विद्यापीठ पदवी देतं, सरकार अनुदान देतं, आणि जो देतो त्याचा आपल्यावर थोडा तरी धाक असतो. परिषद काहीच देत नाही. ती तुमचं ऐकून घेते आणि तुम्हाला दुसऱ्याचं ऐकायला लावते.

लंडनची रॉयल सोसायटी 1660 सालची. प्रयोग सगळ्यांसमोर करून दाखवायचा, मग त्यावर बोलायचं, अशी त्यांची रीत. त्यांचं लॅटिन ब्रीद मराठीत सांगायचं तर ‘कुणी म्हणतं म्हणून मानायचं नाही’. तिचे चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग युरोपभरच्या अभ्यासकांना पत्रं लिहायचे. आलेल्या पत्रांतून, वाचलेल्या टिपणांतून त्यांनी 1665 साली एक नियतकालिक सुरू केलं. ते आजही निघतं. आज आपण ज्याला रिसर्च जर्नल म्हणतो त्याचं मूळ या पत्रव्यवहारात आहे. पैशाची ओढाताण तेव्हाही होतीच. 1686 साली सोसायटीने माशांवरचा एक भला मोठा सचित्र ग्रंथ छापला, तो खपला नाही. पुढच्याच वर्षी न्यूटनचा ‘प्रिन्सिपिया’ छापायला तिजोरीत पैसे नव्हते. तेव्हा एडमंड हॅले यांनी पदरचा खर्च केला. आमच्या परिषदेचे खजिनदार दरवर्षी ताळेबंद वाचताना हताश व्हायचे, तेव्हा मी त्यांना ही हकिगत सांगायची.

पण या संस्थांची दारं सगळ्यांना उघडी होती असं समजू नका. मुंबईत 1804 साली सर जेम्स मॅकिंटॉश यांनी लिटररी सोसायटी काढली, तीच पुढे रॉयल एशियाटिक सोसायटीची मुंबई शाखा झाली. आपल्या देशाच्या भाषांवर, लेण्यांवर, नाण्यांवर तिथे निबंध वाचले जायचे आणि आपलाच माणूस सभासद नसायचा. माणकजी करसेटजी यांना प्रवेश मिळाला तो 1840 साली. रॉयल सोसायटीने पहिल्या दोन स्त्रिया, कॅथलीन लॉन्सडेल आणि मार्जोरी स्टीफन्सन, निवडल्या त्या 1945 साली. 285 वर्षं लागली! सांगलीच्या त्या अधिवेशनात निबंध वाचणाऱ्या आम्ही तिघी होतो. म्हणून हा आकडा मला पुस्तकातला वाटत नाही.

आपल्या लोकांनी स्वतःच्या संस्था काढल्या तेव्हा चित्र पालटलं. 1907 साली व्ही. रामस्वामी अय्यर यांनी गणिताच्या अभ्यासकांचं एक मंडळ सुरू केलं, तीच इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी. अय्यर प्राध्यापक नव्हते, डेप्युटी कलेक्टर होते. सोसायटीचं ग्रंथालय पुण्याला फर्ग्युसनमध्ये होतं. तिच्या जर्नलमध्ये वाचकांनी एकमेकांना गणितं घालायची असं सदर असायचं. कॉलेजातल्या एफ.ए.च्या परीक्षेत नापास झालेल्या, हातात पदवी नसलेल्या रामानुजन यांची गणितं त्या सदरात छापून यायची, आणि 1911 साली बर्नुली संख्यांवरचा त्यांचा पहिला निबंधही तिथेच आला. केंब्रिजहून गणितज्ञ हार्डींचं पत्र यायला अजून वेळ होता. तुमची नेमणूक कायम आहे की तासिकेवर, हे त्या जर्नलने विचारलं नसतं.

आता आपल्याकडचं सांगते, कारण त्याचा मला सर्वांत जास्त जिव्हाळा आहे. सातारा-सांगली हा पट्टा कागदांनी भरलेला. वाईत हाती लागलेल्या कागदांवरून इतिहासाचार्य राजवाडे यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड 1898 साली काढला. त्याच सुमारास, 1897 पासून, मिरजेला वासुदेवशास्त्री खरे पटवर्धनांच्या दफ्तरातली पत्रं निवडून छापत होते. खरेशास्त्री मिरजेच्या हायस्कुलात संस्कृत शिकवायचे. शाळा सांभाळून एका माणसाने बारा खंड काढले. मी कागदांत पाहिलेली कितीतरी नावं मला पहिल्यांदा त्यांच्या टिपांतून उलगडली. आणि इथे साताऱ्यात दत्तात्रय बळवंत पारसनीस होते. कागद, चित्रं, नकाशे जमवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

तिघेही मोठे. पण पारसनीस 1926 साली गेले आणि त्यांनी साताऱ्यात जमवलेला संग्रह 1939 साली पुण्याला डेक्कन कॉलेजात हलवावा लागला. तिथे तो नीट आहे, अभ्यासकांना बघायला मिळतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण साताऱ्यात त्याच्याभोवती वाचणारं, भांडणारं, दुरुस्त्या सुचवणारं मंडळ उभं राहिलं असतं तर? राजवाड्यांनी तेच ओळखलं होतं असं मला वाटतं. 7 जुलै 1910 रोजी त्यांनी खंडेराव मेहेंदळे यांच्यासह पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं. सभा भरायची, कुणीतरी एखादा कागद, एखादं टिपण घेऊन यायचा, वाचायचा, बाकीचे तपासायचे. मग ते इतिवृत्तात छापलं जायचं, पुढे त्रैमासिकात. राजवाड्यांचा स्वभाव तापट. मतभेद झाले आणि ते स्वतःच काढलेल्या मंडळातून बाहेर पडले, धुळ्याला गेले. मंडळ मात्र चालूच राहिलं. संस्थापक रागावून निघून गेल्यावरही पुढची सभा भरते, यातच त्या मंडळाचं मोठेपण आहे. 1935 साली मंडळाच्याच पुढाकाराने पुण्यात देशभरच्या इतिहासकारांची परिषद भरली. तिचीच पुढे इंडियन हिस्टरी काँग्रेस झाली.

राहिला प्रमाणपत्राचा प्रश्न. तुमचं म्हणणं खोटं नाही. यूजीसीने 2010 च्या नियमांत बढतीसाठी निबंधांचे, परिषदांचे गुण मोजायला सुरुवात केली, आणि तेव्हापासून गर्दी वाढली. मी अशी अधिवेशनं पाहिलीत जिथे उद्‌घाटन आणि सत्कारांत दुपार उलटली आणि नंतर निबंध वाचणाऱ्याला तीन मिनिटं दिली. प्रश्नोत्तरं नाहीत. प्रमाणपत्र घेऊन माणसं दुपारच्या जेवणानंतर गाडीत बसतात. हे पाहून मला फार वाईट वाटतं. ज्या एका गोष्टीसाठी परिषद असते, तीच तिथे घडत नाही.

म्हणून म्हणते, आधी ऐकायला जा. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सत्रात जाऊन बसा. ज्येष्ठ मंडळी थांबलेली दिसतात का? निबंध संपल्यावर कुणी उठून विचारतं का, “हा कागद तुम्ही स्वतः पाहिलाय की छापील वाचलाय?” सर्वसाधारण सभा होते का, तिथे हिशेब वाचले जातात का, कार्यकारिणी निवडून येते की तीच चार नावं वर्षानुवर्षं? अधिवेशनातले निबंध कुणी तपासून छापतं, की पैसे भरले की सगळेच छापतात? या प्रश्नांची उत्तरं पटली तर वर्गणी भरा. एकदम आजीव जमत नसेल तर वार्षिक घेता येतं का ते विचारा, त्यात कमीपणा नाही. उत्तरं पटली नाहीत तर मार्गदर्शकांना नम्रपणे सांगा की पुढच्या वर्षी बघतो.

आणखी एक. तुम्ही सीएचबीवर आहात म्हणून तर तुम्हाला याची जास्त गरज आहे. पुढच्या जूनला कॉलेज बदलेल, कदाचित तालुका बदलेल, ग्रंथालयाचं कार्ड परत द्यावं लागेल. परिषदेच्या यादीतलं तुमचं नाव मात्र तिथेच राहील, आणि तुमच्या विषयातली माणसं तुम्हाला त्या नावाने ओळखतील. विट्याचे ते सर माझ्याशी पहिल्यांदा बोलले तेव्हा मीही एका रजेच्या जागेवरच होते. त्यांनी मला कुठलं कॉलेज, कायम का, असं काही विचारलं नाही. कागद कुठे मिळाले तेवढं विचारलं.

गेल्याच्या गेल्या वर्षी मी परिषदेला गेले होते तेव्हा पाटणच्या एका मुलाने कोयनाकाठच्या महजरांवर वाचलं. छान वाचलं. पण एका तारखेला मला शंका आली, मी उठून विचारलं. सत्र संपल्यावर तो वही घेऊन आला आणि आम्ही बाहेर पायऱ्यांवर बसलो.

तुमच्याही कागदांवर शुहूर सन असेल तर आकड्याआधी महिना बघा. ज्येष्ठात मृग लागतं तिथून सन बदलतो. तिथून डिसेंबरअखेर 599, आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत 600.