'सरपंचपती'मधला पती

एका वाचकाने विचारलं आहे: बाई निवडून आली तर तिला 'सरपंच' म्हणावं, 'सरपंचा' की 'सरपंचीण'? तिच्या नवऱ्याला 'सरपंचपती' म्हणणं व्याकरणात बसतं का? आणि जाता जाता पुस्ती जोडली आहे, की निम्म्या जागा बायकांना मिळाल्यावर राजकारणात स्त्रीवादाचं काम तरी काय उरलं?

पहिला प्रश्न लगेच निकालात काढू. सरपंचच. सरपंच आले, सरपंच आल्या. मराठीत हे काम क्रियापद चोख करतं. 'सरपंचीण' तर नकोच, कारण पाटलीण म्हणजे पाटलाची बायको हे आपल्या कानात पक्कं बसलेलं आहे. संस्कृताने हा भेद नेटका राखला होता: स्वतः शिकवते ती आचार्या, आचार्यांची बायको ती आचार्यानी.

'सरपंचपती' ऐकला मात्र की डोकं फिरतं. बातम्यांत, फ्लेक्सवर, सत्काराच्या निमंत्रणपत्रिकेत, सगळीकडे हा शब्द बिनदिक्कत वावरतो. व्याकरणात तो बसतो, आणि खरं दुखणं तेच आहे. सेनापती, सभापती, कुलपती, राष्ट्रपती या सगळ्या समासांत पती म्हणजे धनी, अधिकारी. म्हणून प्रतिभाताई पाटील 2007 साली राष्ट्रपतीच झाल्या, तेव्हा निघालेली 'राष्ट्रपत्नी'ची चर्चा फुकट होती. त्याच न्यायाने सरपंचपती म्हणजे सरपंचाचा धनी. एका गावच्या मासिक सभेत मी हे पाहिलं आहे. बाई बाजूच्या खुर्चीत, टेबलामागे नवरा. ग्रामसेवक विषय वाचतो, नवरा 'मंजूर' म्हणतो, मग प्रोसिडिंग बुक बाईंपुढे सरकवलं जातं आणि सही कुठे करायची तिथे बोट ठेवलं जातं. तो गृहस्थ तिथे नवरा या नात्याने नव्हे, धनी या नात्यानेच बसलेला असतो.

आता मला खरं सांगायचं आहे ते 'पत्नी'बद्दल. पती हा 'पा' म्हणजे रक्षण करणे या धातूपासून आला, अशी व्युत्पत्ती उणादिसूत्रांपासून, म्हणजे शब्द कसे घडले ते सांगणाऱ्या जुन्या संस्कृत सूत्रांपासून, आजच्या प्रवचनकारांपर्यंत सगळे देतात, आणि तिच्यावरून नवरा म्हणजे पालनकर्ता हा उपदेशही लगेच जोडतात. ही व्युत्पत्ती टिकत नाही. लॅटिनमध्ये 'पोटिस' म्हणजे समर्थ. त्याच कुळातला आपला पती. मूळ अर्थ सत्तेचा आहे, रक्षणाचा नाही. आणि पत्नी? पाणिनी म्हणतो, पतीला 'न' लागून पत्नी होते ती यज्ञाच्या संबंधात. त्यावर काशिकेत, म्हणजे पाणिनीच्या सूत्रांवरच्या जुन्या टीकेत, लगेच शंका निघते, मग वृषलाची, म्हणजे ज्याला यज्ञाचा अधिकारच नाही त्याची, पत्नी कशी? उत्तर मिळतं, उपमेने, म्हणजे यज्ञातल्या पत्नीसारखी म्हणून. ही ओढाताण व्यर्थ आहे, कारण तो 'न' यज्ञाने दिलेलाच नाही. पारशांच्या अवेस्ता या धर्मग्रंथात तो आहे, ग्रीकमध्ये 'पोत्निआ' आहे. ग्रीसमधल्या पायलॉस आणि क्नॉसॉस या प्राचीन राजवाड्यांतल्या मातीच्या पाट्यांवर, इसवी सनाच्या हजार वर्षांहून अधिक आधी, हाच शब्द 'पो-ति-नि-या' असा कोरलेला सापडतो, आणि तिथे तो देवीला लावलेला आहे. पोत्निआ म्हणजे स्वामिनी. कुणाची तरी बायको हा अर्थ मागाहून चिकटला.

याहून मोठा पुरावा ऋग्वेदाच्या विवाहसूक्तात आहे (10.85.26). वधूला म्हटलं आहे: घरी जा, गृहपत्नी हो, आणि 'वशिनी त्वं विदथमा वदासि'. वशिनी, म्हणजे जिचा हुकूम चालतो ती. विदथ म्हणजे सभा. सत्ता असलेली बाई सभेत बोलेल, असं लग्नाच्या मंत्रातच आहे! वेदांचे भाष्यकार सायणाचार्य यांनी इथे विदथाचा अर्थ पतीचं घर असा केला आणि तिचं बोलणं नोकरचाकरांपुरतं उरवलं. विदथाच्या नेमक्या अर्थावर पाश्चात्त्य पंडितांचेही वाद आहेत, पण घर हा अर्थ मला साफ अमान्य आहे. घराचा उल्लेख त्याच ओळीत आधी 'गृहान्' असा येऊन गेला आहे. ऋषीला तेच पुन्हा सांगायचं कारण काय? सभेत उभी असलेली बाई भाष्यकाराने उचलून परत घरात नेली.

आजही नेमकं तेच चाललं आहे, म्हणून पुस्तीचं उत्तर इथेच देतो. 1993 साली 73वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि पंचायतींत एक तृतीयांश जागा बायकांच्या झाल्या. महाराष्ट्राने 2011 मध्ये त्या निम्म्या केल्या. लोकसभेत 2024 साली 543 पैकी 74 बायका निवडून आल्या. विधानसभा-लोकसभेतल्या आरक्षणाचा कायदा 2023 मध्ये संमत झाला, तोही जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना यांना बांधून. जागा मोजून स्त्रीवादाचं काम संपत नाही. त्या जागेवर बसून कोण बोलतं, हा त्याचा प्रश्न आहे, आणि ग्रामपंचायतीत तो दर महिन्याच्या सभेला समोर येतो.

राहिला तो नवरा. नातं सांगायची वेळ आलीच तर 'सरपंचांचे पती' असे दोन शब्द सुटे लिहावेत, षष्ठी उघडी ठेवून. मासिक सभेत त्याला शब्दच नको, कारण तो सदस्य नाही. ग्रामसभेत तो ग्रामस्थ आहे. हजेरीपटावर बाकीच्या ग्रामस्थांच्या ओळीत सही करावी.