वाचकांचे प्रश्न : एडिटर अडखळतो तेव्हा

प्रश्न : व्हीएसकोडियम या कोड लिहिण्याच्या मुक्तस्रोत एडिटरमध्ये टाइप करताना अक्षरे उशिरा उमटतात. एडिटर काढून पुन्हा बसवावा का?

उत्तर : ती घाई करू नये, सेटिंग्ज आणि एक्स्टेन्शन्स (एडिटरला जोडलेले पूरक प्रोग्रॅम) वेगळ्या फोल्डरमध्ये राहत असल्याने दोष बहुधा तसाच राहतो. कंट्रोल, शिफ्ट आणि पी या कळा एकत्र दाबून ‘स्टार्ट एक्स्टेन्शन बायसेक्ट’ ही आज्ञा द्यावी. एडिटर प्रथम सगळी एक्स्टेन्शन्स बंद करून दोष टिकला का, हे विचारतो आणि तो गेला असल्यास संशयितांची संख्या प्रत्येक फेरीत निम्मी करत नेतो. त्यामुळे 32 एक्स्टेन्शन्स असली तरी पाच-सहा फेऱ्यांत दोषी सापडते. सगळी बंद असतानाही अक्षरे अडखळली, तरच आवृत्ती आणि दोष हमखास दाखवणारी छोटी फाइल जोडून तक्रार नोंदवावी.