फ्लोरिडातला टाइमशेअर: कंपनीकडून घ्यावा की रिसेलचा?

प्रश्न: ताई, नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो, दोन मुलं, मोठी सातवीत. नाताळच्या सुट्टीत ऑर्लँडोला गेलो तेव्हा पार्कची तिकिटं स्वस्तात देतायत म्हणून एका रिसॉर्टच्या प्रेझेंटेशनला बसलो, दीड तास सांगून चार तास बसवलं. दोन बेडरूमचा टाइमशेअर, म्हणजे तिथे आठवडाभर राहायचा विकत घेतलेला हक्क, किंमत २२,००० डॉलर, वीस टक्के आधी भरायचे, बाकीचे १७ टक्के व्याजानं दहा वर्षांत, शिवाय वर्षाला १,२०० मेंटेनन्स. सही केली नाही पण फोन चालूच आहेत. आता ह्यांच्या ऑफिसमधले एक गृहस्थ त्याच रिसॉर्टमधला स्वतःचा आठवडा १,५०० ला देतायत. एवढा फरक कसा? काही गोम आहे का? हे म्हणतात घेऊन टाकू.
– एक वाचक, एडिसन

उत्तर: सही न करता उठलात हे फार चांगलं केलंत, चार तासांनंतर उठणं सोपं नसतं.

आधी फरकाचं बोलू. त्या २२,००० मध्ये तुम्हाला दिलेली तिकिटं, तिथला नाश्ता, समोर बसलेल्या माणसाचं कमिशन, आणि जे काही न घेता उठून गेले त्यांच्यावर झालेला खर्च, हे सगळं असतं, शेवटी जो घेतो त्याच्याच बिलात ते लागतं. उद्या विकायला काढलात तर ह्यातलं काहीही परत येत नाही. त्यामुळे ही इन्व्हेस्टमेंट आहे असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. आणि हप्ता बघा, १७,६०० चं कर्ज, महिना साधारण ३०६ डॉलर, दहा वर्षांत ३६,७०० भरून होतात.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे, घ्यायचाच असेल तर रिसेलचा घ्या. पण "घ्यायचाच असेल तर" हे मी मनापासून म्हणतेय, कारण १,५०० ही खरी किंमत नाहीच. मेंटेनन्स दोन्हीकडे तेवढाच, कंपनीकडून घ्या नाहीतर ऑफिसमधल्या माणसाकडून, वर्षाला १,२०० सुटत नाहीत, तुम्ही गेलात तरी आणि घरी बसलात तरी. तो दरवर्षी चार टक्क्यांनी वाढला असं धरलं तर वीस वर्षांत ३५,७०० च्या आसपास जातात. ते गृहस्थ का विकतायत हे ह्यांना मोकळेपणानं विचारायला सांगा, बहुतेक उत्तर हेच येईल की मुलं मोठी झाली, जाणं होत नाही, बिल मात्र येतं. तुमची मुलगी सातवीत आहे, म्हणजे पाच वर्षांनी कॉलेजला. मग ऑर्लँडोला कोण जाणार, हा प्रश्न आज जेवताना घरात काढाच.

आता गोम. माझ्या मामेबहिणीनं असाच स्वस्तात एक आठवडा घेतला आणि कागद मला दाखवायला आणले. आम्ही दोघी डायनिंग टेबलावर डीड, म्हणजे मालकीचा कागद, उघडून बसलो, युनिट नंबर बरोबर, बिल्डिंग बरोबर, आणि खाली बारीक अक्षरात "वीक ३७, ऑड". म्हणजे आठवडा सप्टेंबरमधला, शाळा नुकती सुरू झालेली, वर वादळांचे दिवस, आणि तोही फक्त विषम वर्षी, एकाआड एक. तिनं विचारलंच नव्हतं आणि विकणाऱ्यानं सांगितलं नव्हतं, तिचा चेहरा अजून आठवतो मला. तर वीक नंबर कुठला, ठरलेला की फ्लोटिंग, म्हणजे दर वेळी तारीख वेगळी बुक करायची, दरवर्षी की वर्षाआड, हे तोंडी नको, कागदावर बघा. नाताळचा आठवडा हवा असेल तर ५१ किंवा ५२ बघायचा.

दुसरं म्हणजे रिसेलमध्ये सगळे हक्क येतीलच असं नाही. आठवडा असेल तर तो तुमचाच, पण पॉइंट्स असतील, म्हणजे आठवड्याऐवजी बुकिंगसाठी वापरायचे गुण, तर काही कंपन्या रिसेलवाल्याला व्हीआयपी दर्जा वगैरे देत नाहीत. डिस्नेचं उदाहरण घ्या, त्यांच्या जुन्या १४ रिसॉर्टचे पॉइंट्स १९ जानेवारी २०१९ नंतर रिसेलनं घेतलेले असतील तर ते रिव्हिएरासारख्या नव्या रिसॉर्टला चालत नाहीत, आणि रिव्हिएराचे रिसेलनं घेतले तर फक्त रिव्हिएरालाच चालतात. डिस्नेच्याच बोर्डवॉक, बीच क्लब ह्या रिसॉर्टची मुदत तर २०४२ ला संपते. उलट बाकी बऱ्याच ठिकाणी डीड कायमचं असतं, आणि बिलही तितकंच कायमचं.

व्यवहार ओळखीचा आहे म्हणून हातात चेक देऊन मोकळे होऊ नका. रिसॉर्टकडून एस्टॉपेल सर्टिफिकेट मागवायचं, त्यात बाकी किती, कर्ज आहे का, यंदाचा आठवडा वापरून झालाय का हे सगळं येतं. काही कंपन्यांना त्याच भावात स्वतः विकत घ्यायचा पहिला हक्क असतो, त्यामुळे थोडे दिवस थांबावं लागतं. पैसे लायसन्सवाल्या क्लोजिंग कंपनीच्या (व्यवहाराचे कागद पुरे करून देणाऱ्या) एस्क्रोमध्येच, म्हणजे व्यवहार पुरा होईपर्यंत तिऱ्हाइताकडच्या खात्यात, ठेवा. आणि रिसॉर्ट ऑरेंज काउंटीत असेल तर तिथल्या काउंटी कम्प्ट्रोलरच्या (मालमत्तेच्या नोंदी ठेवणाऱ्या सरकारी ऑफिसच्या) रेकॉर्डमध्ये त्या गृहस्थांच्या नावानं डीड घरबसल्या फुकट शोधता येतं, ते आज रात्रीच करा.

एक राहिलं, बाकीच्या वाचकांसाठी. फ्लोरिडात कंपनीकडून घेऊन सही केलीच असेल तर दहा दिवसांत लेखी कळवून रद्द करता येतं, सहीपासून किंवा शेवटचा कागद हातात आल्यापासून, जे नंतरचं असेल तिथून. हा हक्क तुमच्याकडून लिहून घेऊन काढता येत नाही. दिवस कॅलेंडरचे धरा, शनिवार रविवारसकट, आणि पत्राची पोस्टाची पावती जपून ठेवा.

प्रश्न: बाबांनी पंचवीस वर्षांची हॉलिडे मेंबरशिप घेतली होती, आता गुडघ्यांमुळे जाणं नाही. एक एजंट फोन करतो की गिऱ्हाईक तयार आहे, चांगला भाव देतंय, फक्त ट्रान्सफर फी आणि जीएसटीचे ४५,००० आधी भरा. भरावे का?
– वाचक, नाशिक

उत्तर: नाही, एक रुपयाही नाही. गिऱ्हाईक खरं असेल तर एजंटनं त्याच्या पैशातून फी कापून घ्यावी, एवढं एकच वाक्य त्याला बोला, बहुतेक फोन बंद होतील. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा. आपल्याकडच्या अशा मेंबरशिपमध्ये बहुतेक वेळा डीड नसतं, नुसता वापरायचा हक्क असतो, आणि घेणाऱ्याला उरलेलीच वर्षं मिळतात, त्यामुळे भाव फार येणार नाही हे बाबांना हळुवारपणे सांगा. कंपनीलाच लेखी विचारा की ट्रान्सफरची फी किती, वर्षाची फी थकली आहे का, आणि मेंबरशिप तुमच्या किंवा भावंडाच्या नावावर करता येते का. उत्तर दिलं नाही तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. आणि बाबांचा मोबाइल काही दिवस तुमच्याजवळ ठेवा, तो एजंट पुन्हा करेल.