अमेरिकेत दुष्काळ पडला की रँचवाल्यांच्या, म्हणजे मोठ्या कुरणांवर गुरं पाळणाऱ्यांच्या, खात्यात सरकार आपोआप पैसे टाकतं, हे खरं आहे का?

अर्धं खरं आहे. मी तिथे हिशेबाचं आणि टॅक्सचं काम करतो. माझ्याकडे येणाऱ्यांत गुरं पाळणारे बरेच असल्यामुळे हे कागद हाताखालून जात असतात.

कुरण वाळलं तर पंचनाम्याला कुणी येत नाही. दर गुरुवारी ‘ड्रॉट मॉनिटर’ नावाचा दुष्काळाचा नकाशा निघतो, १९९९ पासून. चराईच्या हंगामात तुमच्या काउंटीचा (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) एखादा तुकडा जरी ‘डी-३’, म्हणजे अतितीव्र दुष्काळाच्या रंगात आला, तरी तीन महिन्यांची मदत लागू होते. ‘डी-४’ आला तर चार किंवा पाच महिन्यांची. महिन्याचा हिशेब चाऱ्याच्या खर्चाच्या ६० टक्के, आणि माणशी वर्षाला १,२५,००० डॉलरची मर्यादा. पण अर्ज तुम्हालाच करावा लागतो, किती गुरं होती आणि कुरण कोणाच्या ताब्यात होतं याच्या कागदांसकट.

यात अन्याय होतोच. काउंटीच्या एका कोपऱ्यात पाऊस झालेल्यालाही पैसे मिळतात, आणि हद्दीपलीकडचा कोरडा राहून हात चोळत बसतो. तरी मला नकाशाच बरा वाटतो. २००२ साली सुरू झालेल्या गुरांच्या भरपाई योजनेत काउंटी ‘आपत्तीग्रस्त’ जाहीर झालेली असली की भागत होतं, मग आपत्ती कुठलीही असो. २००३ च्या फेब्रुवारीत कोलंबिया अंतराळयान कोसळलं, तुकडे पूर्व टेक्सासभर विखुरले, त्यासाठी आपत्ती जाहीर झाली, आणि त्या भागातले रँचवाले या मदतीला पात्र ठरले!

मेलेल्या जनावरांचं मात्र वेगळं. तिथे नकाशा उपयोगाचा नाही, प्रत्येक जनावराचा पुरावा लागतो. २०२४ च्या फेब्रुवारीत टेक्सासच्या पॅनहँडल भागात दहा लाख एकरांहून जास्त जमीन वणव्यात गेली, हजारो गुरं दगावली. अशा वेळी सरकारने ठरवलेल्या बाजारभावाच्या ७५ टक्के मिळतात, तेही एरवी होणारी नेहमीची मर वजा करून. तारखेसकट फोटो, पशुवैद्याचा दाखला, आधीच्या मोजणीच्या नोंदी असे पुरावे हवेत. कुंपण जळत असताना फोटो कोण काढत बसणार? पण नियम तसा आहे.

पिकांचं बहुतेक काम विम्यावर चालतं, आणि हप्त्याचा निम्म्याहून जास्त भार सरकार उचलतं. ‘अमुक काउंटी आपत्तीग्रस्त’ अशी कृषी खात्याची बातमी वाचली तर लगेच पैसे वाटले असं समजू नका. त्यातून मुख्यतः स्वस्त कर्जाचं दार उघडतं.

‘आपोआप’ ही समजूत आली असावी ती संसदेच्या खास पॅकेजांवरून. डिसेंबर २०२४ च्या कायद्यात २०२३ आणि २०२४ च्या नैसर्गिक नुकसानीसाठी सुमारे २१ अब्ज डॉलर होते. त्यात ज्यांनी कुरणाच्या दुष्काळाचा अर्ज आधीच केला होता, त्यांना नवा अर्ज न करता जादा पैसे मिळाले. म्हणजे आपोआप, पण आधी कागद घातलेल्यांनाच. पीकवाल्यांचे अर्ज २०२५ च्या जुलैत सुरू झाले, पहिल्या टप्प्यात हिशेबाने निघणाऱ्या रकमेच्या ३५ टक्केच हातात, आणि पुढची दोन वर्षं विमा काढण्याची अट. २०२३ ला बुडालेल्याला २०२५ मध्ये पैसे, याला मी तरी आपत्ती मदत म्हणायला कचरतो.

एक गोष्ट कुणी विचारत नाही म्हणून सांगतो: या मदतीवर टॅक्स लागतो. दुष्काळामुळे नेहमीपेक्षा जास्त गुरं विकावी लागली, तर त्या जास्तीच्या विक्रीचं उत्पन्न पुढच्या वर्षात दाखवता येतं, आणि पैदाशीची किंवा दुधाची जनावरं पुन्हा घेणार असाल तर नफ्यावरचा टॅक्स पुढे ढकलायला साधारण चार वर्षांची मुदत मिळते. त्यासाठी आधीच्या वर्षांत सरासरी किती गुरं विकत होता, याची नोंद लागते.