शॉक घेण्याआधी गाडी वजनकाट्यावर ने

अरे, जुन्या गाडीला लांबच्या प्रवासासाठी कोणत्या ब्रँडचे शॉक (शॉक ॲब्झॉर्बर) घेऊ असं विचारतोस, पण ब्रँड नंतर बघू. आधी टाकी फुल कर, टपावरचं कॅरियर, पाणी, सामान, माणसं सगळं चढव आणि गाडी वजनकाट्यावर ने. पुढच्या-मागच्या ॲक्सलचं वजन वेगवेगळं लिहून ठेव, म्हणजे स्प्रिंग तेवढं वजन पेलते का ते बघता येईल. शॉक वजन पेलत नाही, ते स्प्रिंगचं काम. शॉक फक्त स्प्रिंगची उसळी आवरतो. मागून गाडी बसली असेल, तर महागडे शॉक टाकूनही ती बसलेलीच राहणार. जुन्या गाडीत पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) बहुतेकदा थकलेले असतात, बुशही (सांध्यांतली रबरी नळकांडी) तपास.

गाडीची उंची मुद्दाम वाढवलेली असेल, तर शॉकची लांबी मापून घे. आखूड घेतलास तर चाक खाली लटकताना शॉकच ताणला जातो; फार लांब घेतलास तर बंप स्टॉप (चाक फार वर येऊ न देणारा रबरी ठोकळा) टेकायच्या आत शॉक तळाला आपटतो.

मोनोट्यूब (एकाच नळीचा शॉक) लवकर थंड होतो, पण त्याच्या नळीला दगडाने पोचा पडला की पिस्टन अडकलाच. लांबच्या खडबडीत प्रवासाला मी जाड नळीचा, भरपूर तेलाचा, गॅस भरलेला ट्विन ट्यूब (नळीत नळी असलेला शॉक) घेईन. बाहेर वेगळी टाकी असलेले शॉक दिसतात झकास, तुला गरज नाही.

बदलताना जोडीनेच बदल. आणि रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळ; जॅकवर आवळलेस तर बुश कायम पिळलेलं राहतं. खडखडत्या रस्त्यावरून आल्यावर शॉकजवळ हात नेऊन बघ, चिकटवू नकोस, भाजेल. तीन तापलेले आणि एक थंड असेल, तर तो थंड शॉक निकामी झालाय.