तक्त्यात तू कुठे आहेस?

प्रिय,

कुठल्या देशात जाऊन राहायचं हे ठरवायला केलेला तुझा तक्ता मिळाला. सात देश, चौदा रकाने, हिरवा-पिवळा-तांबडा रंग, खाली बेरीज. आणि मेलच्या शेवटी एकच ओळ, "सर, तरीही काहीच ठरत नाहीये." ठरणार कसं? चौदा रकान्यांत तू कुठेच नाहीस.

मानव विकास निर्देशांकाला तू सगळ्यात जास्त गुण दिलेस. १९९० साली पाकिस्तानी अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांनी तो आणला, तो सरकारांची नुसत्या दरडोई उत्पन्नाकडे बघायची सवय मोडण्यासाठी. अमर्त्य सेन यांना तर सगळं जगणं एका आकड्यात कोंबणं सुरुवातीला पटतच नव्हतं. आयुर्मान, शिक्षण, उत्पन्न, तिन्ही देशभराची सरासरी. सरकारच्या कामाचं आहे ते. तू सरकार नाहीस. त्या देशात तू कोण असशील, ते आधी लिही.

फिनलंडचंही तेच. जागतिक आनंद अहवालासाठी शून्य ते दहा पायऱ्यांची शिडी कल्पून आपण कितव्या पायरीवर आहोत हे लोक सांगतात, आणि २०१८ पासून फिनलंड पहिला येतो. मी वर्षानुवर्षं म्हणायचो, तिथेच जन्मलेल्यांचं काय, ते खूश असणारच. मग समजलं की २०१८च्या अहवालात बाहेरून आलेल्यांचा वेगळा हिशेब होता आणि त्यातही फिनलंडच पहिला. बरं, तेवढं मागे घेतो. पण तीही सरासरीच ना? त्यात तू कोण?

तुला वाटेल म्हातारा एकच पालुपद लावून बसलाय. मग अमेरिकेचं बघ. एकाच ऑफिसात शेजारी बसणारे दोघं, पगार सारखा, व्हिसा सारखा. नोकरीच्या वाटेने मिळणाऱ्या कायम वास्तव्याच्या परवान्यांत एका देशाच्या लोकांचा वाटा साधारण सात टक्क्यांवर जाऊ देत नाहीत, आणि देश धरतात तो जन्माचा, पासपोर्टचा नव्हे. त्यामुळे छोट्या देशात जन्मलेला मोकळा होतो आणि भारतात जन्मलेला रांगेतच म्हातारा होतो. मधे नोकरी गेली तर दुसरी शोधायला जास्तीत जास्त साठ दिवस. तुझ्या तक्त्यात या दोघांची ओळ एकच आहे. हिरवी.

मी २००६ साली असाच हिरवा रकाना बघून तिकडे गेलो. बायको स्ट्रक्चरल इंजिनीअर, माझ्यापेक्षा हुशार. ती अवलंबिताच्या व्हिसावर आली, म्हणजे काम करायची परवानगी नाही. मी तिला विचारलं होतं. दोन-तीन वर्षांचाच प्रश्न आहे असं तेव्हा सगळेच म्हणायचे. २०१५ मध्ये आमच्यासारख्या रांगेतल्यांसाठी नियम थोडा सैल झाला तोवर नऊ वर्षं गेली होती. तिची ड्रॉइंगची त्रिकोणी स्केल चमच्यांच्या खणात पडलेली असे. मुलगी त्या स्केलने वहीत समास आखायची. आकडे पार पुसट झाले होते तिच्यावरचे.

मग परतलो का नाही? मुलीची शाळा, घराचं कर्ज, आणि खरं सांगायचं तर माझं काम फार छान चाललं होतं. शिवाय त्या पगारावरच दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांची आजारपणं निभावली, हेही कुणीतरी लिहायला हवं. मी चुकलो असं मी म्हणत नाहीये. मी एकाच माणसाचा तक्ता केला होता, एवढंच.

तू तर त्याचा उल्लेखही केला नाहीस, ज्याच्याशी पुढच्या वर्षी लग्न करणार आहेस. त्याला तिथे पहिल्या दिवसापासून काम करता येईल का? जर्मनीत ब्लू कार्डवाल्याच्या, म्हणजे उच्चशिक्षितांसाठीचा कामाचा परवाना असलेल्याच्या, जोडीदाराला येतं. तिथे ब्लू कार्डवर बी-१ पातळीचं, म्हणजे रोजच्या व्यवहारापुरतं, जर्मन आलं तर २१ महिन्यांत कायम वास्तव्यासाठी अर्जही करता येतो. म्हणून जर्मनीच निवड असं नाही, उगाच उड्या मारू नकोस. तुला भाषांचा कंटाळा आहे हे मला ठाऊक आहे, आणि तिथे तू ऑफिसात हसणारी आणि घरमालकासमोर मुकी अशी बाई होशील. हे कुठल्या निर्देशांकात येतं?

रजा बघ. युरोपीय संघात वर्षाला किमान चार आठवडे भरपगारी रजा कायद्याने मिळते, अमेरिकेच्या संघीय कायद्यात एक दिवसही नाही, मालक देईल ते. पण तुझी आई एकटी आहे. तुला चार आठवडे सुटी हवी आहे की रात्री फोन आला तर सकाळी निघता यायला हवं? दोन वेगळे रकाने आहेत हे. व्हिसाचं नूतनीकरण लटकलेलं असताना देशाबाहेर पडायची भीती काय असते, ते भेटलीस की सांगेन, इथे नको.

तेव्हा बेरीज पुसून टाक. प्रत्येक देशापुढे एक परिच्छेद लिही, तिथल्या तुझ्या एका साध्या मंगळवारचा. दोघांनी बसून लिहा, आणि तो काय म्हणतो ते त्याच्याच शब्दांत.

हे पत्र पाठवण्याआधी बायकोला वाचायला दिलं. बाकी काही बोलली नाही. 'मी तिला विचारलं होतं' या वाक्यापुढे पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह काढून कागद परत दिला.